ख्रिस्ती चिंतनातील चंद्रप्रतिमा : परप्रकाशाचे दोन अर्थ

चंद्र स्वयंप्रकाशी नाही. या एकाच वस्तुस्थितीतून ख्रिस्ती परंपरेने परस्परविरोधी असे दोन अर्थ काढले. प्रस्तुत लेखात या अर्थांतराचा विचार केला आहे.

बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात चंद्राचा नावाने उल्लेख नाही, तो केवळ रात्रीसाठी नेमलेली लहान ज्योती आहे. प्राचीन पश्चिम आशियात चंद्राची देवता म्हणून उपासना होत असे. या पार्श्वभूमीवर त्याचे हे वर्णन त्याचे देवत्व नाकारून त्याला निर्मितीच्या पातळीवर आणते.

चौथ्या शतकातील मिलानचे बिशप अँब्रोज यांनी ‘हेक्झामेरॉन’ या ग्रंथात चंद्राला ख्रिस्तसभेचे प्रतीक मानले. ख्रिस्त हा सूर्य, तर ख्रिस्तसभा त्याच्या प्रकाशाने उजळणारा चंद्र. छळाच्या काळात ती क्षीण झाल्यासारखी दिसते; परंतु कला घटल्या तरी चंद्रबिंब नाहीसे होत नाही. येथे परप्रकाशित्व हे उणेपण नसून नम्रतेचे लक्षण आहे.

पोप तिसरे इनोसंट यांनी 1198 मधील एका पत्रात हेच रूपक वेगळ्या हेतूने योजले. धर्मसत्ता हा सूर्य, तर राजसत्ता हा तिच्याकडून तेज घेणारा चंद्र, अशी त्यांची मांडणी आहे. हा बदल केवळ आलंकारिक नव्हे. अँब्रोज यांच्याकडे चंद्राच्या जागी असलेली ख्रिस्तसभा येथे सूर्याच्या जागी येते आणि ख्रिस्त रूपकाबाहेर राहतो. नम्रतेचे प्रतीक अधिकाराचे समर्थन बनते.

दान्ते यांनी ‘मोनार्किया’च्या तिसऱ्या खंडात या युक्तिवादाचे खंडन केले. चंद्राला सूर्याकडून प्रकाश मिळत असला, तरी त्याचे अस्तित्व सूर्यापासून आलेले नाही, हा त्यांचा मुद्दा मार्मिक आहे. ‘पुर्गातोरिओ’च्या सोळाव्या सर्गात तर त्यांनी रोमच्या दोन सत्तांना दोन सूर्य कल्पिले. मात्र त्यामुळे राजसत्तेचे स्वातंत्र्य राखले गेले, तरी धर्मसत्ता सूर्यस्थानीच राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 मधील ‘लुमेन जेंटियम’ या दस्तऐवजाच्या आरंभी ख्रिस्तालाच राष्ट्रांचा प्रकाश म्हटले आहे. तेथे चंद्राचा उल्लेख नाही. तथापि विचाराची दिशा अँब्रोज यांचीच आहे.

तात्पर्य, या प्रतिमेचा अर्थ चंद्रापेक्षा सूर्यस्थानी कोणाला बसविले यावर अधिक अवलंबून असतो. धर्मसंस्था स्वतःला त्या स्थानी कल्पू लागते, तेव्हा तिला आपल्या प्रकाशाच्या उगमाचा विसर पडलेला असतो.