पाठ्यपुस्तकाने अर्ध्यावर सोडलेला इलेक्ट्रॉन

बोरच्या अणूचा धडा शिकवताना आपण सांगतो, की फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला त्वरण असते, त्वरण असलेला प्रभार प्रारण बाहेर टाकतो, म्हणून तो ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळायला हवा. त्याच पुस्तकात, काही प्रकरणे मागे, चुंबकीय क्षेत्रातला इलेक्ट्रॉन मात्र न थकता वर्तुळात फिरत असतो. त्वरण तिथेही आहे, पण प्रारणाचे नावही नाही. ही विसंगती आम्हाला खटकते. तिथली घट नगण्य असते हे खरे. पण तसे एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

चौकस विद्यार्थी पुढे विचारेल : मग या प्रारणाचा उलटा धक्का समीकरणात घालायचा कसा? अब्राहम आणि लोरेन्ट्झ यांनी काढलेले बल त्वरणावर नव्हे, तर त्वरण किती झपाट्याने बदलते यावर अवलंबून आहे. त्यातून निघणारी उत्तरे विक्षिप्त आहेत. बाहेरचे बल नसतानाही इलेक्ट्रॉनचा वेग वाढतच जातो. ते टाळावे, तर बल लागण्याआधीच तो हलू लागतो! डिरॅकने १९३८ मध्ये सापेक्षतेला धरून समीकरण मांडले, तरी हा दोष गेला नाही. ‘आधी’ म्हणजे किती? प्रकाशाला एक प्रोटॉन ओलांडायला लागेल साधारण तेवढा वेळ. लँडाऊ आणि लिफ्शिट्झ यांनी उलटा धक्का लहान मानून हे समीकरण माणसाळवले.

हा वाद कागदावरच राहिला नाही. इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतल्या ‘जेमिनी’ लेसरवर केलेले दोन प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लेसरच्या एका झोताने वायूतून वेगवान इलेक्ट्रॉन काढले, दुसरा झोत समोरून त्यांच्यावर सोडला. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा घटली आणि गॅमा किरण दिसले. एका प्रयोगात तर लँडाऊ-लिफ्शिट्झ समीकरण प्रत्यक्षापेक्षा जास्त घट सांगते असे आढळले. कारण उघड आहे : ते प्रारण अखंड वाहते असे धरते, आणि हिशेबात इलेक्ट्रॉनपाशी आहे त्याहून जास्त ऊर्जेचे किरणही येऊ देते. प्रत्यक्षात फोटॉन सुटे सुटे, यदृच्छेने निघतात.

मात्र या प्रयोगांतून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, असे आम्हाला वाटते. केसाहूनही बारीक दोन झोत सेकंदाच्या अब्जांशाच्याही अतिसूक्ष्म भागात नेमके एकमेकांवर यावे लागतात. साहजिकच नीट जुळलेल्या टकरी मोजक्याच होत्या.