फ्लॉरेन्स येथील दोन ब्राँझचे फलक व त्यांविषयींच्या तीन साक्षी

फ्लॉरेन्स शहरांतील बार्जेल्लो ही इमारत वस्तुसंग्रहासाठीं बांधलेली नाहीं. इ. स. १२५५ मध्यें नगराच्या एका अधिकाऱ्यासाठीं बांधावयास घेतलेला हा गढीवजा वाडा पुढें कोतवालाची कचेरी व तुरुंग झाला. त्याच्या अंगणांत गुन्हेगारांचा वध होत असे. १७८६ मध्यें तस्कानीच्या अधिपतीनें देहान्त-शिक्षाच रद्द केली, आणि १८६५ पासून येथें राष्ट्रीय संग्रहालय आहे. विद्यापुनरुज्जीवनाच्या काळांतील शिल्पांचा एवढा संग्रह अन्यत्र विरळा. बहुतेक प्रेक्षक मायकेलअँजेलोचा मद्यदेव व दोनातेल्लोचा ब्राँझचा दाविद पाहून समाधान पावतात, आणि तें योग्यच आहे. त्या मूर्तींवर पुष्कळ लिहिलें गेलें असल्यानें त्या येथें सोडून देतों. वरच्या मजल्यावरील मोठ्या दालनांत जवळजवळ मांडलेले सोनेरी मुलाम्याचे दोन लहान फलक मात्र, जुन्या कागदांचा व्यासंग करणारांनीं मुद्दाम थांबून पाहावे असे आहेत.

कालिमाला नांवाच्या कापडव्यापाऱ्यांच्या श्रेणीनें १४०१ च्या सुमारास बाप्तिस्मा-मंदिराच्या नव्या दारासाठीं कारागिरांची स्पर्धा लाविली. विषय एकच : ईश्वराच्या आज्ञेनें अब्राहाम आपला पुत्र इसहाक याचा बळी देण्यास निघतो व ऐन वेळीं देवदूत त्यास थांबवितो, ही यहुदी कथा. (ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेप वाचकांस येथें आठवेल, पण तेथें अजीगर्त गाईंच्या लोभानें सुरी घेतो, येथें बाप श्रद्धेनें. दोन्ही कथांत मूल सुटतें, एवढेंच साम्य.) आकार जुन्या दाराच्या फलकांप्रमाणें चार पाकळ्यांचा, मुदत एका वर्षाची. सात जण स्पर्धेंत उतरले, पैकीं दोघांचेच फलक आज शिल्लक आहेत : लोरेन्झो गिबेर्ती याचा व फिलिप्पो ब्रुनेलेस्की याचा. काम गिबेर्तीस मिळालें.

ब्रुनेलेस्कीच्या फलकांत सर्व घटना एका क्षणावर आणून ठेविली आहे. बापानें मुलाचें डोकें मागें लोटून गळा धरिला आहे, सुरी कंठास भिडली आहे, आणि देवदूतानें झडप घालून बापाचें मनगट पकडलें आहे. मुलाचें अंग पिळवटलेलें आहे. खालीं गाढव पाणी पीत आहे, व एक चाकर पायांतला कांटा काढीत बसला आहे. ही शेवटची आकृति एका प्राचीन पुतळ्यावरून घेतलेली आहे, हें जाणत्यांस लगेच कळतें. गिबेर्तीच्या फलकांत एक तिरकस कडा चाकर व गाढव यांस मुख्य घटनेपासून वेगळें करितो. सुरीचा हात अजून मागें आहे, देवदूत समोरून येत आहे पण त्यानें कोणास स्पर्श केलेला नाहीं, आणि विवस्त्र इसहाक वेदीवर गुडघे टेंकून वर पाहात आहे. मुलाचें शरीर घडविण्यांत गिबेर्तीचा हात सरस, पण भय दाखविण्यांत ब्रुनेलेस्की सरस, असें आमचें मत आहे. परीक्षक आम्ही असतों तर निकाल देणें जड गेलें असतें.

आतां साक्षी पाहूं. पहिली खुद्द गिबेर्तीची. वार्धक्यांत लिहिलेल्या आपल्या टीपाग्रंथांत तो सांगतो कीं चौतीस परीक्षक होते, सर्वांनीं एकमतानें आपल्यासच विजयी ठरविलें व तसें स्वहस्तें लिहून दिलें. हा ग्रंथ एकाच हस्तलिखितांत उरला आहे, आणि तें हस्तलिखितही कर्त्याच्या हातचें नव्हे. दुसरी साक्ष ब्रुनेलेस्कीचें चरित्र लिहिणाऱ्या मानेत्तीची. त्याच्या म्हणण्याप्रमाणें परीक्षकांनीं दोघांसही समान ठरवून काम वांटून घेण्यास सांगितलें, व ब्रुनेलेस्कीनें वांटणी नाकारली. मानेत्तीचा जन्म १४२३ चा, म्हणजे तो प्रत्यक्षदर्शी नव्हे, आणि त्याचें लेखन १४८० च्या पुढचें. तिसरा वासारी. त्याचा चरित्रसंग्रह १५५० मध्यें छापला. तो सांगतो कीं ब्रुनेलेस्की व दोनातेल्लो यांनीं गिबेर्तीचें काम पाहून आपण होऊन त्याची शिफारस केली. शिवाय तो दोनातेल्लोस स्पर्धकांतही घालतो.

वासारीची साक्ष सर्वांत गोड, व म्हणूनच सर्वांत अधिक उद्धृत होणारी. बखरीचा सर्व थाट तिच्यांत आहे : थोर प्रतिस्पर्धी, उदार मन, गुणग्राहकता. पण दोनातेल्लोचा जन्म १३८६ च्या सुमाराचा. स्पर्धेच्या वेळीं तो पंधरा वर्षांचा पोर. गिबेर्ती स्पर्धकांचीं नांवें देतो त्यांत तो नाहीं. कालिमालाच्या मूळ वह्या नष्ट झाल्या आहेत, परंतु सतराव्या शतकांत कार्लो स्त्रोझ्झी नांवाच्या संग्राहकानें त्यांतील उतारे काढून ठेविले. त्यांवरून दोनातेल्लो १४०४ ते १४०७ या काळांत गिबेर्तीच्याच कारखान्यांत मदतनीस होता असें दिसतें. मदतनिसानें आपल्या भावी धन्याची परीक्षकांकडे शिफारस केली, ही गोष्ट कथेंतच शोभते. वासारीस येथें रजा द्यावी. स्त्रोझ्झीनें ते उतारे केले नसते तर त्यास रजा देण्याचें साधनही आपल्या हातीं नसतें, हें मात्र हस्तलिखितें जमविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

राहिले दोघे. येथें फलक स्वतःच बोलूं लागतात. गिबेर्तीचा फलक बहुतेक एकसंध ओतलेला असून मागून पोकळ आहे. इसहाकाची आकृति व कांहीं बारीक भाग तेवढे वेगळे ओतून जोडले आहेत. ब्रुनेलेस्कीनें जाड पत्र्यावर सुट्या आकृति बसविल्या आहेत. गिबेर्तीच्या फलकाचें वजन सुमारें १८.५ किलो, ब्रुनेलेस्कीच्या फलकाचें सुमारें २५.५ किलो. दाराचे फलक अठ्ठावीस व्हावयाचे होते. एका फलकामागें सात किलो वांचले तर एकंदर १९६ किलो ब्राँझ वांचतें, हा हिशोब कापडव्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. तथापि काटकसर हेंच एक कारण होतें असें कांहीं आधुनिक लेखक म्हणतात तें आम्हांस पटत नाहीं. एकसंध ओतकाम करूं शकणारा मनुष्य संपूर्ण दार तडीस नेईल, हा भरंवसा पैशापेक्षां मोठा होता. २३ नोव्हेंबर १४०३ च्या करारांत गिबेर्तीबरोबर त्याचा सोनार बाप बार्तोलो याचेंही नांव आहे. श्रेणीला एकटा कलावंत नको होता, चालता कारखाना हवा होता, असें यावरून दिसतें. दार १४२४ मध्यें लागलें.

म्हणून गिबेर्ती जिंकला हें खरें, पण ‘एकमतानें’ हा शब्द आम्ही मान्य करीत नाहीं. पराभूताचा फलक टिकून राहिला, ही गोष्ट मानेत्तीच्या बाजूस जाते. दाराचा विषय पुढें बदलून ख्रिस्तचरित्र ठरल्यामुळें विजयी फलकही दारांत बसला नाहीं. दोघेही निरुपयोगी ठरले, तरी दोघेही जपले गेले. उरलेल्या पांचांस हें भाग्य लाभलें नाहीं. यावर असा आक्षेप येईल कीं, ब्रुनेलेस्कीचा फलक त्यानेंच बांधलेल्या सान लोरेन्झोच्या जुन्या वस्त्रागारांत वेदीपाशीं लाविलेला होता, म्हणजे तो घुमट बांधणाराच्या पुढील कीर्तीमुळें वांचला. आक्षेप खरा आहे, व त्यामुळें आमचा मुद्दा दुबळा होतो. परंतु नाहींसा होत नाहीं. शिवाय १४२० मध्यें त्याच घुमटाच्या कामावर दोघांची जोडीनें नेमणूक होऊन जो कलह माजला, तो दोघांच्याही पक्षांच्या आठवणींत शिरला असला पाहिजे. मानेत्ती लिहितो तेव्हां १४०१ ची वांटणी सांगतां सांगतां त्याच्या डोळ्यांपुढें १४२० ची वांटणी आहे.

संग्रहालयाविषयीं एकच तक्रार. ज्या बाजूवर वादाचा निर्णय अवलंबून आहे ती बाजू भिंतीकडे आहे. प्रेक्षक समोरून दोन इसहाक पाहतो, आपल्या आवडीप्रमाणें एकास निवडतो व पुढें जातो. ताम्रपटाचें एकच पान दाखवून कडी व मुद्रा झांकून ठेवावी तशांतला हा प्रकार झाला. दोन्ही फलकांच्या पाठींचे ठसे काढून शेजारीं मांडिले व खालीं वजनें लिहिलीं, तर खर्च फारसा येणार नाहीं.