वाळवंटी पाल आणि गोदावरीची वाळू

परदेशांत घरी पाळल्या जाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांत लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल, हिचा क्रमांक बराच वरचा आहे. आपल्याकडील हौशी मंडळींच्या घरीही ती दिसते. तिच्याबरोबर जे सूचनासाहित्य फिरते त्यात एक वाक्य वारंवार आढळते: हा वाळवंटी प्राणी आहे, म्हणून पेटीत वाळू पसरावी. या एका वाक्याची तपासणी करावी असे आम्हांस वाटते. कारण त्यातली चूक थेट पालीच्या पोटात जाते आणि तशीच चूक ‘अधिवास’ हा धडा शिकवताना आपल्या वर्गांतही होत असते.

प्रथम प्राणी पाहू. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइद यांनी १८५४ साली या पालीचे शास्त्रीय वर्णन केले. शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हा तिचा प्रदेश. तो कोरडा आहे यात शंका नाही, पण कोरडा म्हणजे वाळूचा नव्हे. ही पाल राहते ती खडकाळ टेकड्यांवर आणि खुरट्या गवताच्या कठीण जमिनीवर. दिवसा दगडाखाली किंवा बिळात. भिंतीवरच्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या तिच्या बोटांना नाहीत, साध्या नख्या आहेत. तिची एक बहीण, युब्लेफॅरिस फुस्कस, महाराष्ट्रातही आढळते. दुसरी, सातपुड्यातली, २०१४ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नोंदली गेली. यांतली एकही वाळूच्या ढिगांची रहिवासी नाही. (रानातली पाल पकडून आणावी असा अर्थ कोणी काढू नये. विषारी समजून मारल्या जाणाऱ्या या निरुपद्रवी प्राण्याला तेवढा तरी आधार हवा.)

मग वाळूने होते काय? पाल किड्यावर झडप घालते तेव्हा तोंडात चार कणही जातात. धडधाकट, उबदार जागी राहणाऱ्या मोठ्या पालीच्या विष्ठेतून ते बाहेर पडतात. परंतु पेटी थंड असेल, पाणी कमी पडत असेल किंवा पिल्लू लहान असेल, तर आतड्याची हालचाल मंदावते, कण साचतात आणि मार्ग तुंबतो. पाल खाणे सोडते, विष्ठा थांबते, पोट फुगते. आहारात कॅल्शियम अपुरे असेल तर ती जमीन मुद्दाम चाटते, हे आणखी वाईट. याच सवयीचा आधार घेऊन दुकानांत ‘कॅल्शियमची वाळू’ विकली जाते. ही युक्ती आम्हांला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. चुनखडीचे कण खाण्याचे आमिषच त्यात आहे आणि जठरातील आम्ल कमी करण्याचा गुण वर. कॅल्शियमची भुकटी किड्यांवर भुरभुरून द्यावी. ती जमिनीवर पसरण्याची वस्तू नव्हे.

मात्र उलट बाजूचा दावाही तपासला पाहिजे. सुटी माती दिसली की पाल मरणारच, असे काहीजण ठामपणे सांगतात. याला पुरावा कोणता? बहुतेक पशुवैद्यांकडे आलेल्या रोगी पाली. पण पशुवैद्याकडे निरोगी पाली येत नाहीत! वाळूवर वर्षानुवर्षे बऱ्या राहिलेल्या पाली किती, हे त्या नोंदींतून कळत नाही. आणि तुंबलेल्या पालीला मुळात थंडी, तहान, जंत की कॅल्शियमची कमतरता हेही वेगळे काढता येत नाही. वर्गात हा प्रश्न जरूर मांडावा. कोणती माहिती मिळाली असती तर दोष वाळूचा की उष्णतेचा हे ठरले असते? आठवी-नववीची मुले यावर बरोबर बोट ठेवू शकतात. आमचे मत असे: पिल्लू, आजारी किंवा नुकतीच आणलेली पाल साध्या कागदावर ठेवावी, म्हणजे विष्ठाही नीट दिसते. निरोगी मोठ्या पालीला घट्ट दाबलेली, मातीचे प्रमाण जास्त असलेली जमीन चालेल. नुसती सैल वाळू कोणालाच नको.

आता आपल्याकडची गोष्ट. नांदेडात गोदावरीची वाळू बांधकामावर सहज मिळते म्हणून ती आणण्याचा मोह होईल, तो टाळावा. आपली काळी माती त्याहून गैरसोयीची. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणूनच उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पेटीत ती ओली असता नख्यांना चिकटेल, वाळली की धूळ होईल. (बरणीत काळी माती आणि मुरूम शेजारी शेजारी भिजवून हा फरक मुलांना दाखवता येतो.) किनवटकडच्या सागाचा भुसाही नको, सागाच्या धुळीने सुतारांच्या कातडीलाही खाज येते, मग जमिनीलगत श्वास घेणाऱ्या जिवाचे काय? सर्वांत सोयीची वस्तू आपल्या घरांतच आहे: शहाबादी फरशी. गुळगुळीत न केलेला तुकडा घ्यावा. नख्या त्यावर टिकतात, तो गिळता येत नाही, गरम पाण्याने धुता येतो आणि ऊब धरून ठेवतो.

इथे एक सावधगिरी. पेटीखाली गरम गादी ठेवण्याची सूचना थंड देशांतल्या पालकांसाठी लिहिलेली असते. पालीला उबदार कोपऱ्यात ३१ ते ३३ अंश सेल्सिअस पुरते. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे हवाच चाळिशी ओलांडते आणि तापलेल्या फरशीवरून पळायला पालीला जागा उरत नाही. तेव्हा गादी बंद, पेटी घरातल्या थंड खोलीत आणि तापमापक हवेत न टांगता फरशीवर टेकवलेला. एका कोपऱ्यात भोक पाडलेला बंद डबा व त्यात नारळाचा ओलसर काथ्या ठेवावा. कात टाकताना पाल त्यात शिरते. कात टाकून झाल्यावर बोटे एकेक करून पाहावीत, कारण वाळलेल्या कातडीचे कडे बोटाभोवती राहिले तर रक्त अडते आणि बोट गळून पडते.