88 टक्के लोकांचं मत: आकडा खरा, पण निष्कर्ष?

ऑगस्ट 2025 पासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना साय-हब उघडत नसेल. मला हे कळलं ते लिटरेचर रिव्ह्यू अर्धवट असताना. नालासोपाऱ्याहून कलिनाच्या ग्रंथालयात जायचं म्हणजे लोकलमध्ये शिरायचं, अंधेरीला गाडी बदलायची, सांताक्रूझला उतरून पुढे जायचं. एका पेपरसाठी अख्खा दिवस जातो. त्यामुळे मी चिडलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर 2020 मध्ये साय-हब आणि लिबजेनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ही बंदी त्याच दाव्यात आली. बंदीवर वाद सुरू झाला की कुणीतरी म्हणतंच, ‘88 टक्के लोकांना यात काही चूक वाटत नाही.’ हा आकडा आज तपासून बघू. उद्या तुमच्या प्रपोजलमध्येही असे आकडे येणार आहेत.

आकडा खोटा नाही. 2016 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने ऑनलाइन सर्व्हे घेतला. जवळपास 11,000 उत्तरं आली. पायरेटेड पेपर डाउनलोड करणं चूक नाही, असं 88 टक्क्यांनी सांगितलं.

पहिली अडचण सॅम्पलची. उत्तर देणारे स्वतःहून आले होते आणि त्यातल्या साधारण 60 टक्क्यांनी साय-हब वापरलेलं होतं. ज्यांना या विषयात रस, तेच बोलले. 11,000 म्हणजे सॅम्पल मोठं आहे, पण मोठं सॅम्पल प्रातिनिधिक असतंच असं नाही.

दुसरी अडचण प्रश्नाची. ‘हे चूक आहे का?’ आणि ‘साइट बंद करावी का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चूक वाटूनही एखाद्याला बंदी नको असेल. वापराचे आकडेही मत म्हणून खपवले जातात. सप्टेंबर 2015 ते फेब्रुवारी 2016 या सहा महिन्यांत साय-हबवर 2.8 कोटी डाउनलोड झाले, त्यात भारतातून सुमारे 34 लाख. यातून गरज दिसते. विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्याला लटकणं पसंत आहे, असं आपण म्हणतो का?

तिसरी अडचण मला सगळ्यात गंभीर वाटते. जर्नलमधल्या पेपरसाठी प्रकाशक लेखकाला पैसे देत नाही, पेपर तपासणाऱ्यालाही सहसा काही मिळत नाही. मराठी कादंबरीची पीडीएफ टेलिग्रामवर फिरते तेव्हा मात्र लेखकाची रॉयल्टी बुडते आणि छोट्या प्रकाशकाची आवृत्ती पडून राहते. दोन्हीला आपण ‘पायरसी’ म्हणतो. सर्व्हे पेपरबद्दल होता, कादंबरीबद्दल नव्हता. कायदाही सगळ्या प्रतींना एकाच मापाने मोजत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात याच न्यायालयाने 2016 मध्ये मान्य केलं होतं की शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रतींना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये मुभा आहे.

मग माझं मत काय? पेपर मिळायची दुसरी सोय न करता साइट बंद करणं मला पटत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. पण ही योजना सरकारी संस्थांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातला आपल्या वसई-विरारचा विद्यार्थी बाहेरच राहतो, आणि त्याचं मत कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही. एवढं असूनही, माझ्या बाजूने आहे म्हणून मी 88 चा आकडा वापरणार नाही.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर ‘पायरसी योग्य की अयोग्य?’ असं विचारू नका. विचारा: शेवटचा कुठला पेपर हवा होता? मिळाला का? कसा? नाही मिळाला तर काय केलं? अशा प्रश्नांना लोक आठवून उत्तर देतात, शिकवल्यासारखं देत नाहीत.

तोवर तुमचं काम अडलं असेल तर लेखकाला सरळ ईमेल टाका. आपल्या पेपरची प्रत बरेच जण आनंदाने पाठवतात. प्रीप्रिंट शोधा, भारतातले प्रबंध शोधगंगावर बघा. माझे दोन पेपर असेच मिळाले. तिसऱ्याची वाट बघतोय.