मन, चैतन्य आणि कलानुभव : हिरियण्णांची मीमांसा

नाटकात किंवा गाण्यात रंगलेल्या श्रोत्याचे ‘भान हरपले’ असे मराठीत म्हटले जाते. हा वाक्प्रचार अर्थवाही आहे, तसाच तो फसवाही आहे. भान खरोखरच हरपले असेल, तर सुरांचा आस्वाद घेतो कोण? निद्रेतही भान हरपते; पण निद्रेला कोणी रसानुभव म्हणत नाही. तेव्हा कलानुभवात काहीतरी निवते आणि काहीतरी जागे राहते, असे मानावे लागते. जे निवते ते मन आणि जे जागे राहते ते चैतन्य, हे या प्रश्नाचे एक भारतीय उत्तर होय. विसाव्या शतकात त्याची अत्यंत संयमी मांडणी करणाऱ्यांत म्हैसूरचे तत्त्वचिंतक एम. हिरियण्णा (१८७१–१९५०) यांची गणना करावी लागेल.

हिरियण्णा म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९१८ ते १९२१ या काळात राधाकृष्णन तेथेच तत्त्वज्ञान शिकवीत होते. भारतीय दर्शनांचा हिरियण्णांनी लिहिलेला इंग्रजी परिचयग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने त्यांना सर्वदूर कीर्ती दिली. कलाविषयक निबंधांचा संग्रह ‘आर्ट एक्स्पीरियन्स’ मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५४ मध्ये, म्हैसुरातच निघाला. त्यातील भारतीय सौंदर्यशास्त्रावरचा मूलभूत निबंध १९१९ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिलेला होता. मराठी वाचकाने या विचाराकडे वळावे, याला एवढे कारणही पुरेसे आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण विचाराच्या आशयातच आहे.

मन आणि चैतन्य यांचा भेद सांख्यांनी निःसंदिग्धपणे केला. बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची कार्ये, म्हणून जड. जाणिवेचा प्रकाश पुरुषाचा. जास्वंदीच्या सान्निध्यात स्फटिक तांबडा दिसावा, तसा सुखदुःखाचा रंग पुरुषावर चढल्यासारखा भासतो. अद्वैत वेदान्तही अंतःकरणाला जडच मानतो. मात्र त्याच्या मते चैतन्य एकच आहे आणि आनंद हे त्याचे स्वरूप आहे. मराठी माणसाला हा भेद केवळ शास्त्रग्रंथांतून कळलेला नाही. रामदासांच्या दोनशे पाच मनाच्या श्लोकांत मनाला पुन्हा पुन्हा उपदेश होतो. ज्याला हाक मारता येते, समजावता येते, ते हाक मारणाऱ्याहून वेगळे असलेच पाहिजे, हे त्या संबोधनातच गृहीत धरलेले आहे.

हिरियण्णांनी हा दर्शनभेद कलाविचारात उतरविला. वेदान्ताच्या परिभाषेत संसाराची साखळी अविद्या, काम आणि कर्म अशी आहे. स्वरूपाचे अज्ञान इच्छेला जन्म देते आणि इच्छा कृतीला. कलाकृतीसमोर शेवटचे दोन दुवे काही काळ गळून पडतात. रंगभूमीवरील राज्य कोणाला मिळवायचे नसते आणि तेथील शत्रूपासून कोणाला पळायचे नसते. ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ हा हिशेब थांबल्यामुळे मन स्थिरावते आणि एरवी झाकलेला आनंद प्रकट होतो. सांख्यदृष्टीने मात्र त्रिगुणात्मक सृष्टीत सुखाबरोबर दुःख आणि मोह अटळ आहेत. म्हणून कला तेथून बाहेर पडण्यासाठी कल्पनेचे वेगळे जग उभारते. एका दर्शनात कला आवरण दूर करते, तर दुसऱ्यात आश्रय देते.

परंतु हिरियण्णांचे खरे वैशिष्ट्य त्यांनी घातलेल्या मर्यादेत आहे. कलानुभवात अविद्या नष्ट होत नाही, ती केवळ निद्रिस्त असते. पडदा पडला की काम आणि कर्म परततात. म्हणूनच रसिक हा जीवन्मुक्त नव्हे. काव्यानंदाला ब्रह्मानंदाचे सहोदर म्हणणाऱ्या परंपरेचा अनेकांनी काव्याच्या गौरवासाठी उपयोग केला. हिरियण्णांनी साम्य मान्य करूनही अंतर विसरू दिले नाही.

याच सुमारास न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. स्वतःची भूमिका न सोडता परभूमिकेशी एकरूप होणे, यात केळकरांना वाङ्मयानंदाचे मर्म दिसले. हिरियण्णांच्या विवेचनात ‘स्व’चा आग्रह ओसरतो, तर केळकरांच्या विवेचनात ‘स्व’ शिल्लक राहून विस्तारतो. दोघांची परिभाषा भिन्न असली, तरी आस्वाद ही गुंगी नसून जागृती आहे, याविषयी त्यांच्यात विरोध नाही. केळकरांचे विवेचन मनाच्या पातळीवर थांबते. हिरियण्णा त्या मनाला प्रकाशित करणाऱ्या तत्त्वापर्यंत जातात. त्यामुळे वाचक पात्राशी कसा जोडला जातो हे केळकरांकडे अधिक स्पष्ट होते, तर अशा जोडण्यातून आनंदच का व्हावा, याचे कारण हिरियण्णांकडे अधिक खोल सापडते.

या मीमांसेपुढील कठीण आव्हान नंतर आले. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंदनिष्ठ सौंदर्यविचार दलित साहित्याला अपुरा पडतो, असे प्रतिपादन केले. जे लेखन वाचकाला अस्वस्थ करू पाहते, त्याचे मूल्य मनाच्या विश्रांतीने कसे मोजावे? या आक्षेपाला हिरियण्णांच्या निबंधांत पुरेसे उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे. कर्म थांबणे ही त्यांच्या कलानुभवाची अटच आहे.

तरीही मन आणि चैतन्य यांचा भेद येथे निरुपयोगी ठरत नाही. दलित आत्मकथन वाचताना सवर्ण वाचकाच्या ठिकाणी प्रथम उठतो तो अहंकार. आपल्या समाजाचा बचाव करणारा, सबबी सांगणारा. तो गप्प झाल्याखेरीज दुसऱ्याचे दुःख दिसतच नाही. अहंकाराचे निवणे म्हणजे वेदनेविषयी उदासीन होणे नव्हे. वेदना स्वच्छ दिसण्याची ती पूर्वअट आहे. कलेने दृष्टी मोकळी करावी आणि पडदा पडल्यावर परतणारे कर्म त्या दृष्टीने बदलावे, एवढी पुढची पायरी हिरियण्णांच्या विचाराला जोडावी लागते. ती जोडली, तर हा विचार ‘भान हरपण्या’चे समर्थन न राहता भानावर येण्याचे शास्त्र होऊ शकतो.