उशिरा हाती घेतलेलं वाद्य: दोन पुस्तकं आणि एक जुना वाद



मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यानं विचारलं होतं की साठीनंतर पेटी किंवा सतार शिकण्यात काही अर्थ आहे का, की ती नुसती वेळ घालवायची सोय आहे? "आहे हो अर्थ, शिका" असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण 'अर्थ आहे का' हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या माणसापुढे टाकलात, तर तो इतक्या स्वस्तात सुटत नाही. म्हणून आज याच विषयावरची दोन अमेरिकन पुस्तकं घेऊ. दोन्हींत प्रौढ वयात चेलो शिकल्याची हकिकत आहे. दोन्ही पुस्तकं मला आवडतात आणि दोन्हींशी माझं भांडणही आहे.

पहिलं पुस्तक जॉन होल्ट यांचं 'नेव्हर टू लेट', प्रसिद्ध झालं 1978 मध्ये. होल्ट म्हणजे 'हाऊ चिल्ड्रन फेल'वाले. मुलं बुद्धी कमी म्हणून अडत नाहीत, भीतीमुळे अडतात, हे त्यांनी 1964 मध्ये मांडलं. या गृहस्थांनी चाळिशीत चेलो हाती घेतला, मध्ये सोडला आणि पन्नाशीत पुन्हा धरला. आता चेलोला सतारीसारखे पडदे नसतात. पेटीची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो, चेलोवर तो बोटानं शोधावा लागतो. बोट केसभर सरकलं की सूर हलला. म्हणजे सोपं वाद्य निवडून त्यांनी स्वतःला फसवलेलं नाही. 'लहानपणी नाही शिकलात म्हणजे संपलं' ही समजूत ते खोडून काढतात, आणि तीही स्वतःच्या हातांनी. हे या पुस्तकाचं बळ आहे.

पण माझी अडचण नेमकी इथेच सुरू होते. होल्ट यांना चेलो वाजवायचा आहेच, पण त्याहून जास्त काहीतरी सिद्ध करायचं आहे. माणसाच्या ठायी त्याला वाटते त्याहून अधिक शक्ती असते, हे त्यांचं प्रमेय, आणि चेलो हा त्याचा पुरावा. आता बघा, वाद्याचा पुरावा केला की न जमणं हा उलटा पुरावा होतो. संधिवातानं ज्याची बोटं आखडली आहेत आणि तीन वर्षांनंतरही ज्याला यमनचं एक सरगमगीत लयीत जमत नाही, तो माणूस मग हरला का? होल्ट यांच्या मांडणीत त्याला जागा नाही. शाळेत मुलांना सतत सिद्ध करायला लावू नका, असं आयुष्यभर सांगणाऱ्या लेखकानं उतारवयातल्या शिकणाऱ्यावर मात्र तेच ओझं टाकावं, हे मला खटकतं.

दुसरं पुस्तक वेन बूथ यांचं 'फॉर द लव्ह ऑफ इट', 1999 सालचं. साहित्याच्या विद्यार्थ्यांना बूथ 'द रेटरिक ऑफ फिक्शन'मुळे माहीत असतील. शिकागोचे प्राध्यापक. त्यांनी एकतिसाव्या वर्षी चेलो सुरू केला आणि पुढे दशकानुदशकं वाजवला. आपण उत्तम वादक होणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते म्हणतात, मी हे करतो ते प्रेमापोटी. 'अमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'प्रेम करणारा' आहेच. आपल्याकडे त्यासाठी 'हौशी' हा शब्द. नाटकात तो मानानं वावरतो; राज्य नाट्य स्पर्धेच्या नावात तो आहे. गाण्या-बजावण्यात मात्र 'हौशी आहेत' म्हटलं की ऐकणारा गालात हसतो. बूथ या हसण्याला उत्तर देतात, म्हणून मला ते होल्टपेक्षा पुढे गेलेले वाटतात.

तरी एक गोष्ट उरते. बूथ यांच्या पत्नी व्हायोलिन वाजवणाऱ्या. चौकडी जमवून वाजवायला मित्र आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो अशी ही चौकडी. तिच्यात मध्यम कुवतीच्या चेलोवाल्यालाही खुर्ची असते. तो नसला तर बाकीचे तिघे अडून बसतात. बूथ या सहवादनाच्या आनंदाबद्दल भरभरून लिहितात, पण त्यांच्या लेखी तो प्रेमाचं फळ आहे. मला वाटतं, गोष्ट उलटी आहे. कुणीतरी आपली वाट पाहतं म्हणून ते प्रेम इतकी वर्षं टिकलं.

आता जुना वाद. ॲरिस्टॉटल 'राज्यशास्त्रा'च्या शेवटच्या, आठव्या भागात म्हणतो की मुलांना वाद्य शिकवा, पण मोठेपणी त्यांनी वाजवणं सोडावं आणि ऐकून पारखावं. म्हणजे तानसेन नको, कानसेन व्हा! आपल्याकडेही उतारवयातल्या माणसाला हाच सल्ला मिळतो. पण ॲरिस्टॉटलचं कारण नीट ऐका. तो म्हणतो, स्वतः केल्याशिवाय चांगला पारखी होणं अवघड, म्हणून तरुणपणी वाजवून घ्या. बरं, ज्यांना तरुणपणी वाजवताच आलं नाही, त्यांचं काय? कुणाला पेटी परवडली नाही. कुणाचा क्लास लग्न ठरल्याबरोबर सुटला. कुणाची पस्तीस वर्षं लोकल आणि ऑफिसात गेली. ॲरिस्टॉटलचाच युक्तिवाद धरला, तर या माणसांनी आत्ता वाजवायला हवं. नाहीतर त्यांचं कानसेन होणंही अर्धंच राहील.

दुसऱ्या बाजूला सॉक्रेटिस. प्लेटोच्या 'युथिडीमस' संवादात तो सांगतो की आपण या वयात कॉनस नावाच्या गुरूकडे किथारा शिकायला जातो. बरोबरची पोरं हसतात आणि कॉनसला 'म्हाताऱ्यांचा मास्तर' म्हणून चिडवतात. सॉक्रेटिसला चिंता आहे ती गुरूची, आपल्यापायी त्याचं हसं होतं याची. त्यावर त्यानं काय केलं? शिकणं सोडलं नाही. आणखी काही म्हाताऱ्यांना पटवलं आणि सहाध्यायी म्हणून बरोबर नेलं! लाज जाण्याचा मला माहीत असलेला हा सर्वांत व्यवहारी मार्ग आहे.

आता आपल्याकडे या. रागसंगीताची आपली मैफल मुख्यतः एकट्या कलाकाराभोवती उभी असते. तिच्यात मध्यम सतारियासाठी खुर्ची नाही. म्हणून उशिरा शिकणारा घरी दार लावून वाजवतो, किंवा प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देत राहतो. परीक्षेला माझा विरोध नाही, तिनं रियाजाला शिस्त लागते. पण प्रमाणपत्र कुणाची वाट पाहत नाही. वाट पाहतं ते भजनी मंडळ. तिथे पेटीवाला आला नाही तर चुकल्यासारखं होतं, एखादा सूर इकडेतिकडे गेला तरी टाळांच्या गजरात सावरला जातो, आणि पुढच्या एकादशीला "या हं" असं बोलावणं येतं. बूथ यांची चौकडी आपल्याकडे शोधायची तर मी ती इथे शोधीन.

तेव्हा त्या श्रोत्याला माझं उत्तर असं. होल्ट म्हणतात उशीर झालेला नाही. मी म्हणेन, उशीर झालेला आहे, तो मान्य करून बसा. मैफलीचा कलाकार होण्याची वेळ गेली, पण सूर आतून ऐकण्याची गेलेली नाही. त्यासाठी बूथ सांगतात ते प्रेम लागेल, आणि ते एकट्यानं टिकत नाही म्हणून सॉक्रेटिसनं केलं ते करावं लागेल. क्लासला नाव घालाल तेव्हा शेजारच्या एखाद्या समवयस्कालाही बरोबर न्या. पोरं हसतील, हसू देत. आपल्या गुरुजींना मात्र ते एकटे पडलेत असं वाटू देऊ नका.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.