चित्रात काय दिसलं? – एका पद्धतीची तपासणी

प्राथमिक वर्गात एखादे चित्र दाखवून ‘कसं आहे?’ असे विचारले, की मुले एका सुरात ‘छान!’ म्हणतात. पुढे बोलणे सरकत नाही. निकाल आधीच मागितला, म्हणून पाहणे तिथेच थांबते.

यावर अमेरिकेत एक साधी पद्धत रुजली. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन आणि १९८३ ते १९९३ या काळात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभागाचे प्रमुख असलेले फिलिप येनवाइन यांनी ती घडवली. शिक्षकाने तीनच प्रश्न विचारायचे: या चित्रात काय चाललंय? असं म्हणायला तुला काय दिसलं? आणखी काय सापडतंय? मूल सांगेल ती जागा बोटाने दाखवायची, त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडायचे. बरोबर-चूक ठरवायचे नाही.

यातला दुसरा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘बाई दुःखी आहे’ हे अनुमान. ‘तिची मान खाली आहे’ हे निरीक्षण. विज्ञानाच्या तासाला आपण हाच फरक शिकवत असतो. ‘मला नाही आवडलं’ हेही चालेल, पण कशामुळे ते चित्रात दाखवता आले पाहिजे.

मात्र, या चर्चेत शिक्षकाने शक्यतो माहिती पुरवू नये, हा दंडक आम्हाला पटत नाही. वारली लग्नचौक समोर ठेवून पाहा. नक्षीची चौकट, मधली आकृती, झाडे हे सारे मुलांना दिसेल. पण ती आकृती पालघाट देवीची आहे, लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने हा चौक भिंतीवर लिहितात, हे कितीही निरखले तरी कळणार नाही. कुणी ‘भूत’ म्हणेल, शिक्षक तटस्थ राहतील आणि घंटा होईल. ज्याच्या घरच्या भिंतीवर असा चौक असतो, ते मूल वर्गात असेल तर त्याने काय समजायचे?

म्हणून आम्ही असे सुचवतो: पहिली दहा मिनिटे फक्त पाहणे. मग थोडीच माहिती. ती सांगणारे मूल वर्गात असेल आणि त्याची इच्छा असेल, तर त्याच्याच तोंडून. त्यानंतर पुन्हा चित्राकडे वळून विचारावे, ‘आता काय वेगळं दिसतंय?’

मुलांच्या स्वतःच्या चित्रांवर बोलतानाही हाच क्रम ठेवावा. आधी इतरांनी काय दिसते ते सांगावे, मग काढणाऱ्याने आपले म्हणणे मांडावे. आवडनिवड सर्वांत शेवटी, आणि गुण तर नकोतच.